पाववाल्या मावशीची पकडापकडी

तीन महिन्यांनी पाववाली मावशी युवा मंडळाच्या हॉलमध्ये शिरली, तेव्हा तेवीस पोरं एकदम ओरडली. कानठळ्या बसल्या, पण मावशीला आनंद केवढा झाला म्हणून सांगू! पहाटे बेकरीत भट्टीपुढे राबायचं आणि संध्याकाळी इथे पोरांना खेळवायचं, हा तिचा सत्तावीस वर्षांचा शिरस्ता. मध्येच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि बाई घरात अडकली. वैतागून सुनेच्या प्रत्येक भाजीत मीठ कमी असल्याची खोड काढत बसली होती.

तिच्या खेळात कुणी बाहेर बसायचं नाही. आउट झालात? पाच उड्या मारा आणि या परत आत. ज्याच्या अंगात किडे जास्त, तोच आधी आउट होतो. त्याला भिंतीशी बसवलं तर तो भिंत पाडेल, असं ती म्हणायची. आणि खरंच आहे की ते!

"चला, पकडापकडी!" मावशीने बाह्या सरसावल्या.

वेणीवाली मोठी मुलगी पुढे आली. "मावशी, तुम्ही कच्चं लिंबू हं. गुडघा दुखेल ना! आम्ही सगळ्यांनी ठरवलंय."

ठरवलं होतं मायेनेच, पण मावशीच्या काळजात चर्र झालं. कच्चं लिंबू म्हणजे खेळात नुसतं बागडायचं. कितीदाही पकडलं तरी राज्य येत नाही. बारक्या भावंडांना देतात ती सवलत. म्हणजे आपण संपलोच की!

"बरोबर आहे पोरांचं," मंडळाचे चिटणीस दारातून म्हणाले. "डॉक्टरांनी पळू नका सांगितलंय ना?"

"पळू नका सांगितलंय. खेळू नका नाही सांगितलं!" मावशी फणकारली. बेकरीत गरम ट्रे हातात असताना पळायची कुणाची बिशाद होती? तिने टाळी वाजवली. "ऐका रे! प्रत्येकाच्या हातात गरम पावांचा ट्रे आहे. हात पुढे, टाचेला अंगठा लावून चालायचं, कोपराने शिवायचं. पळला त्याचे पाव सांडले, पाच उड्या!"

पोरांची जी तारांबळ उडाली! सरळ चालायची सवय कुणाला? हॉलभर उड्याच उड्या. मावशी मात्र एक पाव न सांडता सगळ्यांच्या मधून निसटत होती.

राज्य होतं फुटाण्यावर. फुटाणा म्हणजे आठ वर्षांची कार्टी, जन्मात एका जागी न थांबलेली. तीच आज जीभ दातांत धरून, पावलाला पाऊल जोडत मावशीच्या मागे आली आणि कोपर टेकवलं.

"अगं, मावशी कच्चं लिंबू आहेत," वेणीवाली म्हणाली.

"का म्हणून?" फुटाणा रडवेली झाली. "एवढं हळू चालले मी, ते फुकट? मी पकडलंय त्यांना! मावशी, राज्य घ्या!"

मावशीचे डोळे भरून आले. चिटणीस धावत आले. "काय झालं? लागलं का कुठे?"

"बाजूला व्हा हो," मावशी म्हणाली. "माझ्यावर राज्य आलंय."