पंजातले केस

मी लग्न होऊन मंठ्याला आले तेव्हा घरात तो कुत्रा होताच. तहसिलीतला एक अंमलदार हैदराबादला बदलून गेला, जाताना त्यानं तो माझ्या नवऱ्याला दिला. पहाडी जात, मेंढ्यासारखा केसाळ. उन्हाळा तो रांजणाखालच्या ओलीत पडून काढायचा. खरा त्रास त्याला थंडीत व्हायचा.

पाऊस संपला की गवत वाळतं, कुसळं सुटतात. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत केस दाट. दवानं भिजलेली काळी माती त्यांत गोळे धरायची, आणि त्या गोळ्यांतली कुसळं कातडीत शिरायची. अंमलदारानं बजावलं होतं, "थंडी में पंजे के बाल बराबर काटते रहना." म्हणून दर तीन-चार दिवसांनी नवरा ओट्यावर बसून त्याचे पंजे कोमट पाण्यात भिजवायचा, मातीचे गोळे बोटांनी मोकळे करायचा, जुन्या धोतरानं पुसून केस तळव्याच्या गादीच्या बरोबरीनं कापायचा, वर तिळाचं तेल चोळायचा. मलाही त्यानं शिकवलं. कात्री आडवी धरायची, टोक आत न्यायचं नाही.

सासूजींसमोर आम्हाला एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. तेव्हा तो कुत्र्याशी बोलायचा. "विचार रे हिला, माहेरची आठवण येते का?" मी कुत्र्यालाच उत्तर द्यायची.

भाद्रपदात नवऱ्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. मी सतरा वर्षांची होते.

आमचे पूर्वज राजस्थानातून आलेले. विधवेला वर्षभर कोपऱ्यात बसवायची चाल त्यांच्याबरोबर आलेली. मला आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसवलं. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, ऊन अंगावर घ्यायचं नाही. कुत्रा दाराबाहेर पडून असायचा. त्याची नखं फरशीवर वाजायची, तेवढीच मला त्याची खबर.

मार्गशीर्षात कुत्र्याची चाल बदलली. तीन पाय वाजायचे, चौथा वाजायचा नाही. मग दिवसभर पंजा चाटल्याचा आवाज.

सासूजी ताट घेऊन आल्या तेव्हा मी म्हणाले, "त्याच्या पंजातले केस कापायला सांगा ना कुणाला."

"नवरा जाऊन चार महिने झाले नाहीत, आणि तुला कुत्र्याची पडलीय?"

तरी त्यांनी दिराला सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी अंगणात कुत्रा गुरगुरला, दीर ओरडला, आणि मग काठीचे आवाज आले. परत कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही.

पाणी भरायला एक म्हातारी बाई यायची. तिनं दारातून सांगितलं, "वैनी, पाय लई सुजलाय. कुणाला हात लावू देईना. नुसता कण्हून राह्यलाय."

"त्याला माझ्याकडं आणा. आणि कात्री."

तिनं अंगणात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "मोठ्या बाई देवळात गेल्यात. जल्दी करा मंग."

कुत्रा लंगडत आत आला. अंधारात काही दिसेना, म्हणून मी त्याला उंबऱ्यापाशी नेलं आणि उजेडात बसले. केस पुवानं चिकटून कडक झाले होते. मी पाणी लावत, आडव्या कात्रीनं एकेक बट कापत गेले. तो थरथरत होता, पण चावला नाही. खालून तीन कुसळं निघाली. चौथं कातडीखालून वर पायात चढलं होतं. बोटाला लागत होतं, चिमटीत येत नव्हतं.

मी मान वर केली तर सासूजी समोर उभ्या. माझ्या तोंडावर ऊन होतं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. पाणी भरणाऱ्या बाईला त्याच दिवशी बंद केलं. कुत्र्याला शेतावर नेऊन बांधलं. आणि मोडलेलं व्रत म्हणून माझं वर्ष त्या दिवसापासून पुन्हा मोजायचं ठरलं.

पौषात सासूजी ताट ठेवून नेहमीसारख्या निघून गेल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या. "कुत्रा गेला. सूज छातीपर्यंत चढली होती."

मी भिंतीकडंच बघत राहिले. त्या म्हणाल्या, "मी कोपऱ्यात होते तेव्हा माझी दोन वर्षांची मुलगी गोवर होऊन गेली. दाराबाहेर. मला उठू दिलं नाही."

"मग तुम्ही मला का नाही उठू दिलं?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि निघून गेल्या. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. पुढंही फारशी आली नाही, हे खरं ते लिहिते.

पुढल्या मार्गशीर्षात मला बाहेर काढलं. गुडघे आखडले होते, अंगणापर्यंत दोघींनी धरून न्यावं लागलं. उन्हानं डोळे उघडेनात. धरणाऱ्या दोघींतल्या एक सासूजी होत्या. त्यांचा हात मी झिडकारला आणि अंगणात बसून घेतलं.