गयाचा घास

सुंदराबाई खाली बसल्या त्या उठेनात. मालकिणीच्या खोलीबाहेरच्या अरुंद बोळात, लाकडी जमिनीवर. बाकीचा ग्रुप जिना उतरून बसकडे निघाला होता.

बार्बाडोस बेटावरचं, उसाच्या मळ्याच्या मालकाचं हे जुनं घर. या मळ्यात गुलाम राबत. मी तेव्हा औरंगाबादच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर होतो. क्रिकेटचे सामने बघायला आमचा ग्रुप आला होता. सामना नसेल त्या दिवशी लोकांना काहीतरी दाखवावं लागतं. त्याला आम्ही ‘फिलर’ म्हणतो. हे घर फिलर होतं.

सुंदराबाई म्हणजे बजाजनगरच्या अशोकची आई. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. अशोकचं वाळूजला वर्कशॉप. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हातारी घरी एकटी नको म्हणून त्याने बरोबर आणलेली. टूरभर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, “भाऊ, हितली लोकं मेंढरं कुठं चारत्यात?”

“आये, ऊठ. लोकं थांबलीत,” अशोक म्हणाला.

“थांबू दे. भाऊ, हिला इचारा, त्या पोरीचं नाव काय व्हतं?”

ही म्हणजे आमची गाईड मार्व्हा, तिथलीच काळी बाई. तिचे पूर्वज याच मळ्यात राबलेले. या बोळात एक लहान मुलगी निजायची, रात्री घंटी वाजली की मालकिणीपुढे उभी राहायची, असं तिने सांगितलं होतं. मी विचारलं. मार्व्हाने मान हलवली. नाव कुणालाच माहीत नव्हतं.

“आमच्या पोरीचं नाव गया,” सुंदराबाई म्हणाल्या.

गया त्यांची थोरली बहीण. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, गावच्या जहागीरदाराने लेकीच्या लग्नात तिला पाठराखीण म्हणून कायमचं हैदराबादला धाडलं. विचारायची पद्धत नव्हती. ॲक्शननंतर बाप चालत, मिळेल त्या गाडीने तिला आणायला गेला. हवेलीला कुलूप होतं. माणसं कुठे गेली ते शेजाऱ्यांनाही सांगता येईना. बाप परत आला, त्यानंतर गयाची खबर नाही.

सुंदराबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला. “हितं ठिवते. तिच्या नावानं.”

घरात खायचं काही ठेवायला बंदी होती, लाकडाला मुंग्या लागतात. पण मार्व्हाला मी कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मागे चला.” मागे झाडांखाली मोकळी जमीन होती. राबणारी माणसं तिथे पुरलेली. एकावरही नावाचा दगड नव्हता.

अशोक हलक्या आवाजात म्हणाला, “आये, आज्जीनं पितरात कधी मावशीचं पान वाढू दिलं नाय. जित्ती आसंल म्हणायची.”

“आज्जी गेली. मी बी जाईन. मग तिचं कोन करंल, तू? तुला माझ्या गोळ्या ध्यानात ऱ्हात नायत.”

त्यांनी पानावर लाडू फोडून ठेवला, पाणी फिरवलं आणि मागे सरकून बसल्या.

बसमधल्या कुणीतरी थेट औरंगाबादला तक्रार केली असावी. साहेबांचा फोन आला.

“काय चाललंय तिथं? लोकं वैतागलेत.”

“एक गेस्ट थांबल्यात, सर.”

“तब्येत बिघडली?”

“नाही. घास ठेवलाय. कावळ्याची वाट बघताहेत.”

 “थांब मग,” साहेब म्हणाले.

एक काळा पक्षी उतरला. डोळे पिवळे, कावळ्याहून लहान. या बेटावर कावळे नाहीत, हे मार्व्हाने मला इंग्रजीत सांगितलं. मी ते मराठीत सांगितलं नाही. खरा कावळा मी कुठून आणणार होतो?

पक्षी पानाभोवती फिरला आणि उडून गेला.

“गयाबाय,” सुंदराबाई म्हणाल्या, “म्या हाय न्हवं. जा आता.”

पुन्हा कुणी उतरलं नाही. त्या बसून राहिल्या. शेवटी पुढे होऊन त्यांनी लाडवाचे तुकडे पदरात गोळा केले.

“नाय शिवला. मंजी हाय ती कुठंतरी.”

त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. उतरवायला आणलेलं ओझं पुन्हा डोक्यावर घेतल्यासारख्या त्या बसपर्यंत चालत आल्या. मार्व्हाने त्यांचा हात धरला होता. 

पुढे काही वर्षांनी अशोकचा फोन आला, कायगावच्या घाटावरून. आईचा दहावा होता. कावळा लगेच शिवला म्हणाला. मग विचारलं,

“साहेब, मावशीचा बी घास ठिवू का? आता तिची वाट बघनारं कुणी ऱ्हायलं नाय.”

“आई काय म्हणाल्या होत्या?”

“ठिवू नको म्हनली. जित्त्या मान्साचा घास ठिवनं पाप हाय म्हनली.”

“मग नका ठेवू,” मी म्हणालो.

गया असती तर तेव्हा ऐंशीच्या पुढे असती. आमच्या धंद्यात नवीन पोरांना पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की सगळी माणसं चढल्याशिवाय बस हलवायची नाही. किती वेळ थांबायचं, ते मात्र कुणी शिकवत नाही.