हरणीला चारलेलं खाद्य

निंगप्पाची हरणी चौदा वर्षं टांग्याला होती. शुक्रवार पेठेतली माणसं तिची चाल नुसत्या आवाजावरून ओळखायची. निंगप्पा गिऱ्हाइकांशी मराठीत बोले, घोडीशी कानडीत. बायको रत्नम्मा म्हणायची, हा माणूस घरी मुकाच असतो, बोलायचं ते सगळं तबेल्यात बोलून येतो.

१९७९च्या उन्हाळ्यात हरणीच्या फासळ्या दिसायला लागल्या. गावाबाहेर सोजरबाईंनी कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांच्या खाद्याची पोती निंगप्पाच स्टेशनावरून आणून द्यायचा. एकदा एक पोतं फाटलं. घोडीकडं बघून सोजरबाई म्हणाल्या, घेऊन जा हे, मका आहे, पेंड आहे, तिच्या अंगी लागेल. निंगप्पानं थोडं आपला जोडीदार टांगेवाला संगप्पा याला दिलं, बाकीचं घरी नेलं.

हरणीनं दोन दिवस ते आवडीनं खाल्लं. तिसऱ्या सकाळी तोंड फिरवलं. अंगाला घाम फुटला, मागचे पाय लटपटू लागले. पोटात दुखत असेल म्हणून निंगप्पानं तिला फिरवून बघितलं, तर ती बसलीच. जनावरांचे डॉक्टर रामहरी आले. बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून बसले, मग काय खाल्लं ते विचारलं. पोत्यावरची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

कोंबड्यांच्या आतड्यातल्या रोगावरचं नवं औषध त्यात होतं. डॉक्टरांनी समजावलं: शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती तेलकट, पातळ पडदा असतो. तो मिठाला सहजी आत येऊ देत नाही. हे औषध मिठाचा कण पोटाशी धरून पडद्यापलीकडं सोडतं आणि पुढचा कण न्यायला परत येतं. रोगाचे जंतू त्यानं मरतात. कोंबडीला तेवढं सोसतं, घोड्याला नाही. त्याच्या काळजाच्या पेशींत मीठ शिरत राहतं.

"मग ते भाईर काढा की," निंगप्पा म्हणाला.

"त्यावर उपाय नाही, निंगप्पा."

"म्या माझ्या हातानं चारलं, डॉक्टर."

तेवढ्यात निंगप्पाला संगप्पा आठवला. हरणीचं डोकं त्यानं रत्नम्माच्या मांडीवर ठेवलं आणि स्टेशनाकडं पळत सुटला. अड्ड्यावर संगप्पाचा घोडा तोंडाला तोबरा बांधून खात उभा होता. निंगप्पानं तोबरा ओढून काढला, खाद्य मातीत ओतलं. संगप्पानं ते खाद्य त्याच दिवशी काढलं होतं, घोड्यानं नुकतीच सुरुवात केली होती. तो वाचला.

निंगप्पा घरी आला तेव्हा रत्नम्मा तशीच बसली होती.

"आत्ताच गेली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो चालत सोजरबाईंकडं गेला. सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण आणखी कुणाच्या घोड्याला त्या हे देतील म्हणून सांगितलं.

"मीच दिलं रे तुला," सोजरबाई म्हणाल्या.

"तुमी मायेनं दिलं. म्या बी मायेनंच चारलं," तो म्हणाला.

महिन्याभरानं संगप्पानं आग्रह केला, आठवड्यातले दोन दिवस माझा टांगा तू हाक. निंगप्पा गेला, वर बसला, लगाम हातात घेतला. घोड्याला कानडीत 'चल' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. घोडा उभाच राहिला. निंगप्पानं लगाम संगप्पाच्या हाती दिला, खाली उतरला आणि घराच्या वाटेला लागला.