हरभऱ्याच्या आंबेचे स्फटिक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण आता ते पोटात मावत नाही — दुसरं काही नाही.

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. सोलापुरातल्या एका शाळेत मी शास्त्र शिकवायचो. मूळचा नातेपुत्याचा, कानडी एक अक्षर येत नव्हतं. माझ्याबरोबर मल्लप्पा मास्तर होते — अक्कलकोटकडचे, घरी कानडी, वयाने मोठे. त्यांना एकच वेड. संध्याकाळी हरभऱ्यावर धोतर पसरायचं आणि पहाटे दवाने भिजलं की पिळायचं. ती आंबट आंब आपल्याकडे पोटदुखीवर देतात. मल्लप्पा तिच्यातून ऑक्झॅलिक आम्ल काढून त्याचे स्फटिक वाढवायचे. दोन हिवाळे मीही गारठ्यात धोतरं पिळली, बोटांची सालं निघाली. माझी तक्रार नव्हती — की होती?

"आम्लाचे रेणू एकमेकांना सरळ धरत न्हाईत," ते सांगायचे. "मधे पाणी हाय. हायड्रोजन दोन्हीकडं हात धरतोय. पाणी गेलं की सगळ्याचं पीठ."

हे मी नीट लक्षात ठेवलं.

अखेर बोराएवढा, नितळ असा एक स्फटिक जमला. बंगलोरचे एक प्रोफेसर क्ष-किरणांनी स्फटिकांची आतली रचना शोधत होते. मल्लप्पांनी त्यांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं — स्फटिक पाठवा, चांगला निघाला तर इथे कामाला या. मल्लप्पांचे डोळे भरून आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आम्ही बंगलोरला जाणार, मास्तर."

आम्ही. आपण नव्हे, आम्ही! तूच सांग, समोरच्याला बरोबर न्यायचं असेल तर कुणी 'आम्ही' म्हणतं का? केसाने गळा कापला म्हणतात तो असा. मी हसून पेढे खाल्ले आणि आतून जळत राहिलो.

त्यांचा हात थरथरायचा, म्हणून डबा मी बांधायचा ठरलं. आत ओलसर कापूस घाला, वरून लाख लावा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आणि मी — बघ, किती वेळ हे वाक्य टाळतोय — मी कापूस कोरडाच घातला आणि त्याच्या खाली कळीचा चुना भरला. चुना पाणी ओढून घेतो, हे मी दर वर्षी पोरांना शिकवत होतो. चैत्रातलं ऊन होतं. लाख मात्र अगदी सुबक लावली.

प्रोफेसरांचं पत्र हेडमास्तरांच्या खोलीत वाचलं गेलं. डब्यात पांढरी पूड तेवढी मिळाली, असं लिहिलं होतं. हेडमास्तरांनी विचारलं, डबा कुणी बांधला? मी तोंड उघडायच्या आत मल्लप्पा म्हणाले, "मी बांधला, सर. चूक माजी हाय."

मी तोंड उघडणार होतो का? नाही.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या माघात आम्ही परत करू की."

"आम्ही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे तुमी नि मी. दुसरं कोण हाय?"

कानडीत आपण आणि आम्ही, दोन्हींना एकच शब्द आहे. पण त्या भाषेवर तरी कसं ढकलू? दोन वर्षं ते रोज "आम्ही चहा घेऊ" म्हणत माझ्यापुढे कप ठेवायचे आणि मी तो प्यायचो. तेव्हा बरोबर कळत होतं.

पुढच्या माघात दोघांनी धोतरं पिळली, पण तसा स्फटिक जमला नाही. बंगलोरहून पुन्हा पत्र आलं नाही. मल्लप्पा पेन्शन मिळेपर्यंत त्याच वर्गात शिकवत राहिले. स्फटिकांचा धडा आला की दर वर्षी पोरांना सांगायचे, "माज्या हातनं डबा नीट बांधला गेला न्हाई, तुमी तसं करू नका." माझा वर्ग शेजारीच होता. मधली भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं. मी फळ्यावर लिहीत राहायचो.