मेणात आहे तोवर

माझ्या धाकट्या बहिणीला अख्खी इमारत 'पार्सल' म्हणायची. गेटवरच्या काकांनी सुरुवात केली आणि ते चिकटलं. एके काळी तिची दिवसाला तीन तीन खोकी यायची. काका खालून ओरडायचे, "पार्सल आहे का घरात? पार्सलचं पार्सल आलंय!" जिन्यात जो असेल तो हसायचा. मला हसू यायचं नाही, संताप यायचा, आणि माझा संताप मी कधी झाकून ठेवलेला नाही. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचा आवाज ऐकून घेते आणि घरी येऊन माझा काढते. लग्न केलेलं नाही, आणि तो विषय काढायचा नाही.

धाकटी दात करते. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याची मापं येतात, त्यावरून कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती चौदा वर्षं कारागीर आहे. तिथला मालक स्वतःच्या बायकोचंही कौतुक करणारा नाही, पण डॉक्टरांना फोनवर सांगतो, "ही आमच्या बाईंच्या हातची आहे, बघा." कवळी आधी गुलाबी मेणात करतात. त्यात एकेक दात बसवायचा, मग ती तशीच तोंडात घालून बघायची, चावा नीट बसतो का, हसताना कशी दिसते. मेणात आहे तोवर काय हवं ते बदला. एकदा का उकळतं पाणी ओतून मेण धुऊन काढलं, त्या जागी पक्का माल भरला आणि शिजवला, की मग कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण जेवताना ती दुसरं काही बोलायचीच नाही. पैशांबद्दल तर चकार शब्द नाही. तीन वर्षांपूर्वी वसुलीवाला दारात येऊन उभा राहिला तेव्हा कळलं. तीन उधारीची कार्डं, आणि ती फेडायला फोनवरून घेतलेलं कर्ज. पाच मिनिटांत कर्ज, कागद नको, काही नको! माणसाला बुडवायचं तर इतक्या झटपट बुडवू नये, एवढी तरी लाज हवी की नाही त्या लोकांना?

पलंगाखालून एकेक खोकं ओढून काढलं मी. एकाच रंगाचे बुटांचे नऊ जोड. पाय चेपायचं यंत्र. कॉफीचं यंत्र, आणि आमच्या घरात कॉफी कुणीच पीत नाही. निम्म्या खोक्यांची तर चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"अगं, उघडलीसुद्धा नाहीस?"

"मागवताना बरं वाटतं, ताई," ती म्हणाली. "आल्यावर नाही वाटत."

मी ते कॉफीचं यंत्र उचललं आणि गॅलरीत नेऊन आदळलं. त्याचा अजून एक कोपरा चेपलेला आहे.

शेवटी एका बँकेनं सगळी उधारी एकत्र करून छत्तीस हप्ते बांधून दिले. जामीन हवा होता. सही मी केली, आणि फुकट नाही केली. उधारीची कार्डं मी कात्रीनं कापणार. घरात येणारं प्रत्येक पार्सल मी उघडणार. ती मुकाट्यानं कबूल झाली. पहिल्या वर्षात मी दारातूनच चौदा पार्सलं परत पाठवली. कुरिअरवाला मला बघूनच जिना उतरायला लागायचा.

आणि या सगळ्यात आईची कवळी फुटली. बेसिनमध्ये पडली आणि दोन तुकडे झाले. चिकटवून पाहिली, पण हिरड्या आक्रसल्या होत्या, नवीन मापानं नवीनच करायला हवी होती. डॉक्टरांची फी, दातांचा खर्च, आणि माझा निम्मा पगार घरभाड्यात जाणारा. दोन वर्षं आई दुधात बुडवलेला पाव आणि कुस्करलेल्या भाज्या खात होती. तिला हवी होती फक्त काकडी. "कचकन् चावून," असं ती म्हणायची. म्हणजे म्हणायचा प्रयत्न करायची.

मी धाकटीला सोडत नव्हते. दर रविवारी ऐकवायचे, "गावाच्या तोंडात दात बसवतेस, आणि घरात आई बोळक्यानं बसलीय. त्या नऊ बुटांच्या जोडांत किती कवळ्या झाल्या असत्या गं?"

"हप्ते संपू देत, ताई."

"तोवर आई राहायला हवी ना!"

"मी इथंच बसलेय," आई म्हणायची.

अकराव्या हप्त्याच्या सुमाराला धाकटीनं एक नवीनच प्रकार काढला. काही विकत घ्यावंसं वाटलं, हात शिवशिवायला लागले, की लॅबमधल्या उरलेल्या मेणातून ती ती वस्तू कोरायची. अंगठ्याएवढी सँडल, बोटभर पर्स. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि आठ दिवसांनी बघायची. अजून हवीशी वाटली तर मला विचारायचं, नाहीतर वितळवून टाकायची.

"ही काय भातुकली मांडलीस या वयात?" मी म्हटलं.

"लॅबमध्ये असंच करतो ना आम्ही. मेणात बघतो, मग ठरवतो."

पार्सलं मात्र थांबली, हे मला मान्य करावं लागतं. वर्षभरात तिनं मला दोनदाच विचारलं. एकदा छत्रीसाठी, एकदा मोज्यांसाठी.

मग एकोणतिसावा हप्ता आला. म्हणजे आला नाही, तीच तर भानगड.

मी खिडकीवर होते. समोर वीसेक माणसांची रांग. पहिला माणूस बाटलीत गढूळ पाणी घेऊन माझ्या नाकासमोर हलवत होता, तेवढ्यात फोन वाजला. "तुम्ही जामीनदार ना? या महिन्याचा हप्ता अर्धाच भरलाय. दोन हप्ते चुकले की तुमच्या पगारातून कापून घ्यावे लागतील." आवाज एवढा खणखणीत की बाटलीवाल्यानंही ऐकलं. म्हणाला, "घ्या! आता तुमची तक्रार कोण लिहून घेणार?" रांगेत खसखस पिकली. माझ्या कानांतून वाफ निघाली.

घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात तिला किती शिव्या घातल्या त्याला गणती नाही. अर्धा हप्ता गेला कुठे? बुटांचा दहावा जोड? घरात कुणी नव्हतं. आई खाली गेटपाशी बाकावर बसायला गेली होती, धाकटी यायची होती. आणि टेबलावर तो बिस्किटांचा डबा.

उघडला. वरच एक नवी कोरी सँडल, बारीक बक्कलसकट. शेजारी पर्स, तिला कडी. एक टेबलावरचा दिवा. किती निगुतीनं कोरलेलं! मला वाटलं, इथं माझ्या पगारावर टाच येतेय आणि ही बाई बक्कलं कोरत बसलीय. डोकंच फिरलं माझं. आल्याआल्या मी ठेवलेलं चहाचं पाणी गॅसवर उकळत होतंच. किटली उचलली आणि सगळंच्या सगळं पाणी त्या डब्यात ओतलं.

सँडल गेली, पर्स गेली. पाण्यावर गुलाबी तवंग आला. खाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते सैल होऊन उलगडलं आणि त्यातून एक दात निघाला. मग आणखी एक. मग चार-पाच एकदम. टक् टक् करत डब्याच्या तळाला बसले.

मला अजून कळलं नव्हतं, खरंच सांगते. आई जिना चढून आत आली, तिनं डब्यात डोकावून पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली.

"माझे दात," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. धाकटी आईला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आली होती, एकदा नाही, तीनदा. फी अर्ध्या हप्त्यातून दिली होती. उरलेला अर्धा जादा कामाचे पैसे आले की महिनाअखेरीपर्यंत भरते, असं बँकेत स्वतः जाऊन सांगून आली होती. फोन करणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. आणि दात? ते मालकाकडून मिळवायला तिनं सहा रविवार लॅबमध्ये फुकट काम केलं होतं. मला वाटत होतं मैत्रिणीकडे जातेय. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मेणातली कवळी आईच्या तोंडात घालून बघायची होती.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू ओरडली असतीस," आई म्हणाली.

"मी ओरडते?" मी ओरडले.

धाकटी सात वाजता आली. चप्पल काढता काढता तिला टेबल दिसलं. तिनं चहाची गाळणी घेतली, पाणी गाळलं, दात फडक्यावर मांडून मोजले. अठ्ठावीस. सगळे होते. आईनं बँकेच्या फोनचं सांगितलं ते ऐकून घेतलं, हात पुसले आणि मग माझ्याकडे वळली. इतकी वर्षं मी तिला रागावलेली पाहिलीच नव्हती. राग हा घरातला माझा प्रांत होता.

"दात मी पुन्हा लावीन," ती म्हणाली. "मेणातच होतं. आईला पुन्हा चावा द्यायला नेईन, तेही करीन. पण तुला फोन आला तेव्हा फोन तुझ्या हातातच होता ना? मला एक लावता आला नाही? अठ्ठावीस हप्ते भरलेत मी, एकही दिवस मागेपुढे न करता. किटली उचलताना त्यातला एक तरी आठवला?"

मी किटलीकडे पाहिलं.

"मी काहीही केलं तरी तुझ्यासाठी पार्सलच ना? मग येऊ दे पार्सल!"

तिनं फोन काढला. माझ्यासमोर. बोट वर, बोट खाली, थांबलं, दाबलं. जादा कामाचे पैसे त्याच दिवशी तिच्या खात्यात आले होते. त्यातलेच गेले, म्हणजे उरलेला अर्धा हप्ता गेला. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

एरवी मी तो फोन हिसकावून घेतला असता. आकांडतांडव केलं असतं. माझं चुकलं, एवढे दोन शब्द बोलायचे होते, पण ते माझ्या तोंडाला सवयीचे नाहीत. मी म्हटलं, "किटली अजून गरम आहे, हात लावू नकोस." मूर्ख बाई! तेच सुचलं मला.

तिसऱ्या दिवशी खोकं आलं. मीच घेतलं दारात. नियमाप्रमाणे मी उघडायचं होतं, कात्री हातात होती, चिकटपट्टीला टेकवलीही होती. आई बघत होती. मी कात्री खाली ठेवली आणि खोकं जसंच्या तसं धाकटीच्या पलंगावर नेऊन ठेवलं. संध्याकाळी तिनं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उचलून कपाटावर ठेवून दिलं. न उघडता.

परत करायची मुदत दहा दिवस. त्यानंतर ते आमचं, आणि हप्त्याला भगदाड. महिना संपला की मला फोन, पुन्हा चुकला की माझा पगार. मी रोज त्या खोक्याखालून जायचे-यायचे आणि तोंड मिटून ठेवायचे. तुम्हाला वाटेल त्यात काय विशेष. मला विचारा! चौथ्या दिवशी माझा जबडा दुखायला लागला. कचेरीत एका माणसानं पाणी येत नाही म्हणून सांगितलं तर मी त्याला म्हटलं, "बघू, आठ दिवस थांबा," आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

इकडे आई पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आली. धाकटीनं संध्याकाळी लॅबमध्ये थांबून पुन्हा दात लावले, मेणातली कवळी तोंडात घालून पाहिली, चावा बसला. शिजवायला टाकली. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. "मीठ दे." "दार लाव." मी मीठ द्यायचे, दार लावायचे.

नवव्या दिवशी सकाळी ती कवळी आईच्या तोंडात बसवून कामावर गेली. मी त्या दिवशी रजा टाकली होती. आई आरशासमोर होती, म्हणून मी स्टूल घेतलं आणि कपाटापाशी लावलं. उघडणार नव्हते मी. नुसतं हलवून बघणार होते, वाजतंय का. बुटांचा वेगळा आवाज येतो.

"उतर खाली!"

स्टुलावरून पडता पडता वाचले. आई मागे उभी होती, हातात अख्खी काकडी. दोन वर्षं तिचं बोलणं मी अंदाजानंच ओळखत होते, आणि आता प्रत्येक अक्षर कसं खणखणीत बाहेर पडत होतं.

"त्या खोक्याला हात लावशील तर याद राख. तिचं तिला ठरवू दे. एक दिवस उरलाय, तेवढा धीर धर. नऊ महिने तुला पोटात ठेवलं मी, तेव्हा हलवून बघितलं नव्हतं."

आणि कचकन् काकडी चावली.

मी उतरले. स्टूल जागेवर ठेवलं.

संध्याकाळी धाकटी आली. आईनं आ करून दाखवला, तिनं बोटानं डावीकडची दाढ चाचपली, "टोचतंय का?" विचारलं. मग कपाटावरचं खोकं काढलं, धूळ पुसली, परतीची चिठ्ठी त्यावर चिकटवली आणि जिना उतरायला लागली. मी गॅलरीत गेले. खाली कुरिअरची गाडी उभी होती.

"काय पार्सल!" गेटवरचे काका खिदळले. "आज पार्सल उलटं?"

नऊ दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. तिसऱ्या मजल्यावरून मी अशी ओरडले की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. "खबरदार काका, पुन्हा तिला पार्सल म्हणालात तर! अठ्ठावीस हप्ते फेडलेत तिनं! तुमच्या घरात आहे का कुणी?"

काकांचं तोंड उघडंच राहिलं. धाकटीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लांबून चेहरा नीट दिसला नाही. तिनं खोकं गाडीत दिलं आणि पावती घडी करून खिशात टाकली.

पैसे परत आले, महिनाअखेरीला हप्ता पुरा झाला. आता सात राहिलेत. त्या खोक्यात काय होतं ते मला अजून माहीत नाही. तिनं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. जीव जातोय माझा, पण विचारणार नाही.