रजेवर आलेले काका

अख्ख्या धसईत सगळ्यात घाईत असलेला माणूस कोण, असं कुणालाही विचारा. तो माझ्या मावशीच्या घराकडे बोट दाखवेल. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, फौजेतून निवृत्त होऊन आले त्याला आता जमाना झाला. पण उभी नोकरी दरसाल दोन महिन्यांच्या रजेवर गावाला येण्यात गेली, आणि ती रजा काही त्यांच्या अंगातून गेली नाही. मुरबाडपासून टोकावड्यापर्यंतचे सारे नातेवाईक ते एका दिवसात उरकतात. बशीतला चहा निवायच्या आत "चला, निघतो. जमलं तर भेटू," म्हणून उठतात. हे इतक्या गंभीरपणे म्हणतात, की टोकावड्याची त्यांची बहीण सुरुवातीला दरवेळी डोळ्यांना पदर लावायची. पुढे तिनेही सोडलं. रोज मरे त्याला कोण रडे! पलंगाखाली त्यांची काळी ट्रंक अजून भरलेली असते, आणि मावशीच्या पापडांना घरात जागा नसते.

परसातली तऱ्हा तर विचारूच नका. भेंडी, गवार, मुळा, काकडी. दोन महिन्यांत हाताला येईल तेवढंच लावायचं. मावशीला लग्न होऊन आल्यापासून दारात फणस हवा होता. तिने विषय काढला की काका म्हणत, "फनस लावून खानार कोन? आपला काय भरवसा, आज हाय, उद्या गाडी." कुठली गाडी, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. मावशी हसण्यावारी न्यायची, पण तिला ते फार लागायचं. कायमचा घरी आलेला नवरा तिला अजून मिळालाच नव्हता.

यंदा आषाढात मी गेलो, तर मावशी फणसाचं रोप घेऊन अंगणात उभी. काका ठरलेलं बोलू लागले तशी ती कडाडली, "गप रावा! तुमची रजा मी वाडवली."

काकांच्या टाचा आपोआप जुळल्या. त्यांनी हळूच विचारलं, "किती?"

"फनस धरेस्तवर. मंग बगू."

काकांनी मुकाट्याने कुदळ घेतली. खड्डा मात्र असा खणला, की आत उभं राहून बंदूक चालवावी. शेवटी मावशीनेच तो निम्मा बुजवला, रोप लावलं आणि ती आत गेली. थोड्या वेळाने ट्रंक ओढल्याचा, मग तिच्यात पापडांचे डबे ठेवल्याचा आवाज आला. काकांनी तो ऐकला, पण ते उठले नाहीत.

मी निघताना सवयीने पायरीवर थांबलो. काका रोपाला काठी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "ये रे परत सावकाश. मी हाय हितंच."

त्यांचं "जमलं तर भेटू" न ऐकता निघायची ती माझी पहिलीच वेळ.