टीव्ही हसायचा, मी नाही

आमच्या टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी कोणी न मागता साचतात. एक, बिनकामाचे रिमोट. दुसरे, किस्से. रिमोट मी वर्षातून एकदा भंगारात घालतो. किश्श्यांना भंगारवालासुद्धा हात लावत नाही! त्यामुळे ते आहेत तसे पडून आहेत, आणि त्यातले निम्मे माझ्याच फजितीचे आहेत.

आधी माझा गुन्हा सांगून टाकतो. मला टीव्हीवरच्या कॉमेडी आवडत नाहीत. त्या जुन्या, गाजलेल्या, ज्यांचं नाव काढलं की लोकांचा चेहरा खुलतो आणि "तसं आता काय बनतच नाय" असं म्हणतात, त्यासुद्धा! नवरा बायकोला थापा मारणार, शेजारी दाराला कान लावणार, कोणीतरी पाय घसरून पडणार, आणि आपण हसायच्या आधी पडद्यामागचीच माणसं हसणार. मला तिथे हसूच येत नाही.

कोणी म्हणेल, त्यात काय एवढं! पण शहापुरात टीव्ही दुरुस्त करून पोट भरणाऱ्याला हे परवडत नाही. त्यात माझा पार्टनर जना. सापगावचा. कॉमेडी लागली की हातातलं काम टाकून टेबल बडवत हसायचा. बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर बसलो. तो हसायचा, मी स्क्रू आवळायचो.

*

टोकावड्याच्या एका ढाबेवाल्याचा टीव्ही आला होता. मी दुरुस्त केला आणि न्यूज लावून दाखवली.

"न्यूज नको," तो म्हणाला. "कॉमेडी लावा."

"अहो, चित्र क्लिअर आहे की!"

"न्यूज बिघडल्याली का चांगली, ती कोणाला कळत नाय! कॉमेडी लावा, म्हंजी सेट कसा चालतो ते समजंल."

लावली. ढाबेवाला हसला, जना हसला, टेम्पोचा ड्रायव्हर हसला. मग ढाबेवाला माझ्याकडे टक लावून बघायला लागला. मेकॅनिक हसत नाही म्हणजे सेटमध्ये काहीतरी लपवतोय, असं त्याच्या डोक्यात बसलं. टीव्ही न्यायलाच तयार होईना!

शेवटी जनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शेठ, टीव्ही टकाटक हाय. फॉल्ट मेकॅनिकमधी हाय, नि त्याची गॅरंटी आमी देत नाय."

*

उंबरमाळीला एका आजीकडे गेलो होतो. तिच्या टीव्हीचा आवाज वर्षभर बंद. मुलाला आत्ता वेळ मिळाला, म्हणून आत्ता आम्हाला फोन. मी आवाज आणून दिला. कॉमेडीच लागली होती. आजीने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "बंद कर रे बाबा तो आवाज."

"का गो आजी? चांगला झालाय की."

"अरे, ही माणसं माज्या आदीच हसतात! आवाज नव्हता तवा मी माज्या टाइमाला हसायची!"

मी आजीच्या पायाच पडलो. परत येताना बाइकवर जना म्हणाला, "घे, सापडली तुला पार्टी. दोन मेंबर झाले!"

तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता वाटतं, आजी निदान तिच्या टाइमाला हसत तरी होती. माझा टाइम कधी यायचा?

*

पुतण्यासाठी मुलगी बघायला मुरबाडला गेलो. मुलीचे वडील कॉमेडीचे भक्त. टीव्ही चालू. प्रत्येक डायलॉग आधी ते म्हणायचे, मग टीव्ही म्हणायचा. आमच्याकडची मंडळी पोटभर हसली. मी पोहे खात राहिलो.

थोड्या वेळाने त्यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्या भावाला ओटीवर नेलं. "तुमच्या भावाला आमची पोरगी पसंत नाय काय? मगासपासून तोंड पाडून बसलेत."

आत मुलीच्या आईने डोळ्यांना पदर लावला! मी धावत ओटीवर गेलो. म्हटलं, "पोरगी लाखात एक आहे हो! मला ती सिरियल पसंत नाही."

वडिलांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "त्यापेक्षा पोरीला नाय बोलला असता तरी चाललं असतं!"

लग्न झालं. सून घरात आल्यावर तिने मला गुपचूप एक युक्ती शिकवली. "काका, चहाची बशी तोंडापुढं धरायची आणि खांदे हलवायचे. बाबांसमोर मी लहानपणापासून तेच करते." ही युक्ती मला दहा वर्षं आधी कळायला हवी होती.

*

हा पुढचा किस्सा मी चारचौघांत हसत हसत सांगायचा प्रयत्न करतो. जमत नाही.

सापगावच्या गणपतीत जनाने स्किट बसवलं होतं. टीव्हीवरच्या एका गाजलेल्या कॉमेडीच्या वळणाचं. हा झाला विसरभोळा घरमालक. पोटाला उशी बांधलेली, डोक्यावर लोकरीची टोपी. मला चार वेळा फोन केला. "पयल्या लायनीत बसायचं. मागं बसलास तर बघ!"

बसलो. गाव लोटपोट हसत होतं. जना दर दोन वाक्यांनी माझ्याकडे बघायचा आणि मी हाताची घडी घालून बसलेला. खरं सांगतो, मला तेव्हा वाटायचं की न हसणं म्हणजे अक्कल. सगळे फसले, आपण नाही फसलो, अशी एक घमेंड. पाचव्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं आणि वाक्य विसरला. आतून कोणीतरी वाक्य सांगितलं. तरी आठवेना. मग त्याने पोटावरची उशी सोडली, काखेत घेतली आणि स्टेजवरून खाली उतरला.

लोकांना वाटलं, हाही विनोदच! सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

मी स्टेजमागे गेलो. म्हटलं, "काय रे, पाठांतर नव्हतं?"

"तीन महिने पाठ करीत होतो," तो म्हणाला. "तुजं तोंड बघितलं नि सगळं गेलं."

तिथे त्याची माफी मागायची. मी काय म्हणालो? "पण मुळात त्यात हसण्यासारखं होतं काय?"

हे वाक्य आठवलं की अजून जेवण जात नाही.

*

दिवाळी झाल्यावर जना म्हणाला, "मुरबाडला दुकान टाकतो. बायकोचं माहेर तिकडंच हाय." भांडण नाही, आवाज नाही. आपले पाने, पक्कड घेतली आणि गेला.

आठवड्याने त्याची बायको, सुमन वहिनी, त्याचा राहिलेला चष्मा न्यायला आली. जाताना दारात थांबली. "भावोजी, ते स्किट गावासाठी नव्हतंच. घरी बोलायचे, बावीस वर्षं झाली, एकदा तरी त्या माणसाला हसवून दाखवतो."

मग मी काय केलं असेल? दुपारी दुकानाचं दार लोटून, तीच कॉमेडी लावून, हसायची प्रॅक्टिस! पडद्यामागची माणसं हसली की आपणही हसायचं, असा नियम केला. तिसऱ्या दिवशी चहावाला दारातून डोकावला, चहा तसाच घेऊन पळाला आणि त्याने माझ्या बायकोला फोन लावला. "काकी, लगेच या. काकांचा जबडा अडाकलाय!"

*

चार वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही. लग्नकार्यात दिसलो तर "बरा हाय ना?" एवढंच.

या उन्हाळ्यात वाऱ्याने जनाच्या मुरबाडच्या घरावरची डिश फिरली. त्याचा पाय प्लास्टरमध्ये, वर चढणार कोण? वहिनीने मला फोन केला. "मी बोलावलं म्हनून सांगू नका हां."

मी इतक्या घाईत निघालो की सिग्नल बघायचा मीटर शहापुरातच राहिला. आता जुनीच पद्धत. एकाने वर डिश फिरवायची, दुसऱ्याने खाली टीव्ही बघून ओरडायचं.

जनाने मला दारात बघितलं. हसला नाही, रागावलाही नाही. "शिडी मागं हाय," म्हणाला.

भर दुपारी स्लॅबवर चढलो. डिश जराशी सरकवली. "आलं काय रे?"

"नाय!"

"आता?"

"नाय!"

उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. नट ढिला केला, परत आवळला. पाऊण तास झाला. शर्ट भिजला, कान भाजले. आयुष्यभर डिश लावल्या, पण इतकी हट्टी डिश पाहिली नव्हती. मला वाटायला लागलं, आपला हातच गेला. मग वाटलं, याला मी इथे नकोच आहे. तोंडावर जा कसं म्हणणार, म्हणून नुसतं नाय नाय म्हणतोय. माझी चूक होती, मी कशाच्या तोंडाने बोलणार? गपचूप डिश फिरवत राहिलो.

तेवढ्यात वहिनी अंगणात आली आणि वर बघून हळूच म्हणाली, "भावोजी, उतरा खाली. चित्र चारदा येऊन गेलं! चित्र आलं की हे नाय बोलतात, नि तोंडात टॉवेल कोंबून हसतात!"

मला एकदम ते दिसलं. प्लास्टरचा पाय खुर्चीवर, तोंडात टॉवेल, आणि वर उन्हात भाजणारा मी. मी मटकन खाली बसलो, स्लॅबचा चटका बसला तसा उडालो, हातातला पाना अंगणात पडला, आणि मी हसायला लागलो. थांबताच येईना! डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारचे लोक बाहेर येऊन वर बघायला लागले.

मग खिडकीतून जनाचा आवाज आला.

"हां! आता हलवू नको! तसंच राहू दे!"